आमच्या नावापुढं ‘हेल्पर’ लिहिणं बंद करा : सोलापूरच्या रेडिमेड कारखानदारांना खुलं पत्र

मालक, नमस्कार.

हे पत्र कुणा एका मालकाला नाहीये. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत शेड असणारे आणि घराच्या वरच्या मजल्यावर दहा-पंधरा जुकी मशिनी टाकून शाळेचे युनिफॉर्म शिवून घेणारे, सगळ्यांनाच आहे. मी ज्या कारखान्यात जाते त्याचं नाव इथं लिहिणार नाही. एक तर मला उद्या सकाळी तिथंच कामाला जायचंय, आणि दुसरं म्हणजे एकाचं नाव आलं की बाकीचे सगळे म्हणतात हे आमच्याकडचं नाही. पण हे सगळीकडचं आहे, मी या सतरा वर्षांत चार ठिकाणी काम केलंय म्हणून सांगते.

सतरा वर्षं मी मशीनवर बसते. शर्टाची कॉलर, कफ, पुढची पट्टी, खिसा, काय म्हणाल ते लावते. तुम्ही तयार शर्ट हातात घेता तेव्हा आधी कॉलरची टोकं बघता, दोन्ही सारखी टोकदार आली का ते, व्यापारी पण तेच बघतो. ती टोकं अशीच येत नाहीत मालक. कोपऱ्याला शिलाई वळवायच्या आधी तिथं एक दोरा आडवा अडकवून ठेवायचा, मग कॉलर उलटी केली की तो दोरा हळूच ओढायचा म्हणजे टोक बाहेर येतं, जोरात ओढला तर दोरा सुटतो आणि टोक बोथट राहतं, कात्रीच्या टोकाने ढकललं तर कापडाला भोक पडतं. किती ओढायचा हे बोटाला कळतं, तोंडाने सांगता येत नाही. टेरिकॉटला वेगळं, कॉटनला वेगळं. मी हे दिवसाला शेकड्याने करते आणि माझ्या कॉलरी अल्टरला परत येत नाहीत, हे तुमच्या चेकरला विचारा.

पण हजेरीच्या रजिस्टरमधे माझ्या नावापुढं काय लिहिलंय? हेल्पर.

हेल्पर म्हणजे जी धागे कापते, बंडल उचलून देते, पीस मोजते, घड्या घालते. ते काम हलकं आहे असं मी म्हणत नाही, दिवसभर उभं राहून त्या बायांचे पाय सुजतात ते मी रोज बघते. पण ते काम वेगळं आणि माझं वेगळं. किमान वेतनाच्या तक्त्यात कुशल, अर्धकुशल, अकुशल असे तीन भाग असतात आणि हेल्पर लिहिलं की बाई सगळ्यात खाली, अकुशलमधे जाते. म्हणजे हा एक शब्द लिहिला की पगार ठरला, त्यावरचा ओटी म्हणजे ओव्हरटाइम ठरला, पीएफ भरत असाल तर तो ठरला, बोनस ठरला. एका शब्दात सगळं.

माझ्या शेजारच्या मशीनवर एक पोरगा बसतो. चांगला पोरगा आहे, त्याच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. तीन वर्षांपूर्वी आला तेव्हा त्याला बॉबिन पण नीट भरता येत नव्हती, सुई मोडली की घाबरून माझ्याकडे बघायचा. इन्चार्जने मला सांगितलं याला शिकवा, मी शिकवलं, दोन महिने माझं टार्गेट सांभाळून शिकवलं. चौथ्या महिन्यापासून तो टेलर झाला. रजिस्टरमधे टेलर, पगार पिसावर, म्हणजे जेवढे नग तेवढे पैसे. मी रोजाच्या हजेरीवर, आणि हेल्पर. मी इन्चार्जला विचारलं की असं का, तर म्हणाले, “अहो तो बाप्या माणूस आहे, त्याला घर चालवायचंय.” मालक, माझा नवरा 2016 ला वारला. घर मीच चालवते. पण समजा नवरा असता, कमावता असता, तरी त्याचा माझ्या कॉलरीशी काय संबंध? तुम्ही व्यापाऱ्याला शर्ट विकता तेव्हा बाईने लावलेल्या कॉलरीचा भाव कमी लावता का?

आता मी हेल्पर का राहिले ते पण सांगते, कारण हे माझ्या एकटीचं नाही, माझ्या लाइनमधल्या निम्म्या बायांचं असंच झालंय. 2011 साली मला दिवस गेले तेव्हा मी दुसऱ्या एका कारखान्यात होते आणि तिथं मला अर्धकुशलचा दर मिळायला लागला होता. सहाव्या महिन्यात तिथले सुपरवायझर म्हणाले पोट टेबलाला लागतंय, घरी जा, बाळ झालं की या. मी गेले. तेव्हा कायद्याने 12 आठवड्यांची पगारी रजा होती, मला एक रुपया मिळाला नाही, रजा असते हेच मला कुणी सांगितलं नाही. मुलगी पाच महिन्यांची झाल्यावर परत गेले तर नवीन कार्ड बनवलं. नवीन कार्ड म्हणजे नवीन बाई, म्हणजे हेल्पर. आधीची वर्षं गेली. ग्रॅच्युइटीला सलग पाच वर्षं लागतात म्हणे, ती अशी कधी भरतच नाहीत. मग कारखाना बदलला, परत नवीन कार्ड, परत हेल्पर. बाई बाळंत झाली की तिच्या हातातली कला धुऊन जाते का?

2017 पासून पहिल्या दोन बाळंतपणांना 26 आठवडे पगारी रजा आहे. अट एवढीच की आधीच्या बारा महिन्यांत 80 दिवस काम केलेलं असावं. गरोदर आहे म्हणून कामावरून काढणं हा गुन्हा आहे. हे ऐकलं की तुम्ही म्हणता सहा महिने बसून पगार कुठून द्यायचा, आमचं मार्जिन किती. पण मालक, तुम्ही त्या बाईचा ईएसआय, म्हणजे कामगार विमा, भरला असेल तर तो पगार तुम्हाला द्यायचाच नसतो, तो ईएसआय महामंडळ देतं. 2019 पासून त्याचा हप्ता मालकाचा 3.25 टक्के आणि कामगाराचा 0.75 टक्के आहे. एवढ्यात बाळंतपण पण होतं, दवाखाना पण होतो, सुई बोटातून आरपार गेली तर त्याचा इलाज पण होतो. तुम्ही तो भरत नाही, एकाच छताखाली कागदावर तीन फर्म दाखवता म्हणजे ईएसआयला लागणारी दहा माणसं कुठंच भरत नाहीत, आणि मग म्हणता बायांचं बाळंतपण परवडत नाही. परवडत नाही ते तुम्ही वाचवलेल्या पैशामुळं.

आत्ता आमच्याकडे एक पोरगी आहे चोवीस वर्षांची, पाचवा महिना चालू आहे. तिने कुणाला सांगितलेलं नाही, मला कळलं कारण मी शेजारी बसते. साडी सैल नेसते, पदर पुढं घेते, आणि कुणाला शंका येऊ नये म्हणून मुद्दाम बंडलं स्वतः उचलून आणते. मी तिला म्हणते अगं नको उचलू, तर म्हणते “अक्का, नाही उचललं तर कळेल की.” रोज ती बंडलं उचलते आणि माझा जीव वर-खाली होतो. तुमच्या कारखान्यात एका बाईला आई होणार हे लपवावं लागतं, याचा तुम्ही एकदा शांत बसून विचार करा.

जवळजवळ शंभर वर्षांपूर्वी, 1928 साली, मुंबईच्या कायदेमंडळात गिरणीतल्या बायांच्या बाळंतपणाच्या भत्त्यावर चर्चा झाली होती. बाबासाहेब आंबेडकर तिथं बोलले होते. त्यांचा मुद्दा असा होता की मालकाला पुरुषांपेक्षा बाया ठेवण्यात जास्त फायदा दिसतो म्हणून तो बाया ठेवतो, तर मग या खर्चाचा काही भार त्याच्यावर टाकणं अन्यायाचं नाही. 1929 ला मुंबई प्रांतात तो कायदा झाला. तुम्ही पण बाया का ठेवता हे आपल्या दोघांनाही माहीत आहे. हात साफ असतो, दारू पिऊन खाडा करत नाही, उचल घेऊन पळत नाही, आणि स्वस्तात येते.

माझी आई विड्या वळायची. सोलापुरात कितीतरी घरांत आई नाहीतर सासू विडी वळणारीच असते, तुमच्या पण कुणाच्या घरात असेल. सूप मांडीवर, कात्रीने पान कापायचं, तंबाखू भरायचा, दोरा बांधायचा, हजार विड्या झाल्या की कारखान्यात नेऊन द्यायच्या. तिथला चेकर छाट काढायचा, चांगल्या विड्या पण छाटमधे टाकायचा आणि त्याचे पैसे नाही द्यायचा. आई घरी येऊन रडायची. मी तेव्हा ठरवलं होतं विडी वळायची नाही, शिलाई शिकायची, शिलाईला मान आहे. पण बघा, आईकडे विडीचं कार्ड होतं. त्यावर तिचं नाव, तिचा फोटो, ती काय काम करते ते. विडी कामगारांसाठी 1976 चा कल्याण निधीचा कायदा आहे, त्या कार्डावर तिला दवाखाना मिळाला, आम्हा पोरांना शाळेची स्कॉलरशिप मिळाली, म्हातारपणी थोडा का होईना पीएफ मिळाला. सोलापूरजवळच्या कुंभारीला विडी कामगार बायांची दहा हजार घरं झाली ती काय कुणी दान दिली नव्हती, बाया वर्षानुवर्षं मोर्चे काढत होत्या, आईचा हात धरून मी पण गेलेय. आणि मी, शिकलेली, मशीन चालवणारी, माझ्याकडे मी कोण आहे हे सांगणारा एक कागद नाही. बँकेत कर्जाला गेले तर पगाराची स्लिप मागितली, ती कुठून आणू. आईच्या पुढं जायचं म्हणून शिलाईला आले आणि कागदावर आईच्या मागं राहिले.

सीझनचं सांगते. मार्च ते जून तुम्हाला आमच्याशिवाय चालत नाही. तेव्हा रात्री नऊ-नऊपर्यंत थांबवता, “शाळा सुरू होणारेत, माल गेला पाहिजे.” आम्ही थांबतो. ओटी दुप्पट द्यायचा असतो, आम्हाला साध्या दराने मिळतो, काही ठिकाणी वडापाव आणि चहा. नऊ वाजता त्या रोडला रिक्षा मिळत नाही, मिळाली तर तो मागेल तेवढे द्यायचे, मग तिघी-चौघी मिळून चालत येतो. टेलर बाप्यांकडे गाड्या आहेत. जुलै आला की आम्हाला घरी बसवता आणि त्यांना ठेवता. पहिली कात्री कुणावर चालते? हेल्परवर.

संडासाचं लिहू की नको असं वाटत होतं, मुलगी म्हणाली लिही. साठ माणसांत बायांना एक संडास, आणि त्याची किल्ली इन्चार्जच्या टेबलावर. किल्ली मागायला सगळ्या लाइनसमोरून जायचं. दोन वेळा गेलं की तिसऱ्यांदा “काय हो, आज फार चकरा?” म्हणून आमच्यातल्या बऱ्याच बाया सकाळपासून पाणीच पीत नाहीत, एप्रिल-मे मधे, पत्र्याखाली, सोलापूरच्या उन्हात. लघवीची जळजळ ही आमच्याकडे सर्दीसारखी झालीय, कुणाला ना कुणाला चालूच. पाळी आली की कटिंगच्या टेबलाखालची कात्रणं उचलून नेतात पोरी. कच्च्या रंगाची, केमिकलची कात्रणं. एक किल्ली खिळ्याला दाराशेजारी लावायला काय खर्च येतो मालक?

आता जे लिहिणार आहे ते मला सगळ्यात जड जातंय. दोन वर्षांपूर्वी बाहेरची एक मोठी ऑर्डर येणार होती, त्यांची माणसं कारखाना बघायला येणार म्हणून सगळं धुऊन काढलं, संडासात साबण ठेवला, पाण्याचा नवा जार आला आणि गेटजवळ एक बोर्ड लावला. त्यावर लैंगिक छळ विरोधी अंतर्गत समिती असं लिहिलं होतं आणि खाली पाच नावं. तिसरं नाव माझं होतं. मला कुणी विचारलं नव्हतं, सांगितलं नव्हतं. मी वाचलं, मला वाटलं कागदाचं काम असेल, गप्प बसले. त्यानंतर काही महिन्यांनी चेकिंगची एक पोरगी, एकोणीस-वीसची, इन्चार्ज शिलाई दाखवायच्या निमित्ताने तिच्या पाठीवर हात ठेवायचा, मागून वाकायचा, रोज. ती ऑफिसात बोलली. ऑफिसने काय केलं तर तिला चेकिंगवरून पॅकिंगला टाकलं, पॅकिंगला हजेरी कमी. इन्चार्ज जागेवर. तिने काम सोडलं. जाताना मला म्हणाली, “अक्का, तुम्ही कमिटीत होता ना, बोर्डवर नाव होतं की.”

मला त्या दिवशी जेवण गेलं नाही. मी नंतर मुलीला घेऊन सगळं वाचून काढलं. कायदा 2013 चा आहे. दहा किंवा जास्त माणसं असतील तिथं समिती पाहिजेच, अध्यक्ष बाईच पाहिजे, निम्म्याहून कमी बाया चालत नाहीत, एक सदस्य बाहेरच्या संस्थेतला पाहिजे. नाही केली तर मालकाला 50,000 रुपयांपर्यंत दंड. तक्रार तीन महिन्यांत करायची असते, चौकशी 90 दिवसांत संपवायची असते. दहापेक्षा कमी माणसं असतील किंवा तक्रार मालकावरच असेल तर जिल्ह्याची स्थानिक समिती असते, तिथं जाता येतं. हे मला तेव्हा माहीत असतं तर मी त्या पोरीला एकटीला जाऊ दिलं नसतं. माझं नाव मला न विचारता बोर्डवर टाकलंत, आणि त्या पोरीने त्या नावावर विश्वास ठेवला.

तुम्हाला आता एक्स्पोर्टची ऑर्डर पाहिजे असते, सगळे तेच बोलतात. मग तमिळनाडूत दिंडीगुलला काय झालं ते माहीत करून घ्या. जानेवारी 2021 मधे तिथल्या एका कपड्याच्या कारखान्यातल्या वीस वर्षांच्या दलित पोरीचा खून झाला, त्या खुनाच्या आरोपात तिच्या सुपरवायझरला अटक झाली. आधीपासून छळ चालू होता असं तिच्या घरचे आणि सोबतच्या बाया सांगत होत्या. तिथल्या बायांची युनियन तिच्यासाठी उभी राहिली, परदेशातल्या ब्रँडपर्यंत गोष्ट गेली आणि एप्रिल 2022 मधे करार झाला, कंपनीने सही केली, ब्रँडने पण सही केली. फ्लोअरवरच्याच बायांना ट्रेनिंग देऊन लक्ष ठेवायला नेमलं. म्हणजे एक पोरगी गेल्यावर झालं ते सगळं. आपल्याकडे तेवढं होईपर्यंत थांबायचं का? आणि बाया बोलत नाहीत असं समजू नका, 2016 ला पीएफ काढायचे नियम बदलले तेव्हा बेंगळुरूच्या गारमेंटच्या हजारो बाया रस्त्यावर उतरल्या होत्या, केंद्र सरकारला तो नियम मागं घ्यावा लागला.

मला तुमची बाजू पण कळते. छोट्या मालकाचे व्यापाऱ्याकडे तीन-तीन महिने पैसे अडकतात, कापडाचा भाव वाढतो, शाळा उधारी ठेवतात, हे आम्ही बघतो, पगार उशिरा झाला तर आम्ही सांभाळून पण घेतो. एका मालकांकडे मी वर्षभर होते, त्यांच्याकडे बारा मशिनी होत्या फक्त, पण बायांना पिसावरच पैसे होते, बाप्यांच्याच दराने, शनिवारी हातात चिठ्ठी यायची किती पीस किती पैसे. ते गेल्यावर पोरांनी कारखाना बंद केला, नाहीतर मी तिथून हलले नसते. बारा मशिनीवाल्याला जमलं तर शंभरवाल्याला का जमू नये हे मला खरंच कळत नाही.

21 नोव्हेंबर 2025 पासून नवीन श्रम संहिता लागू झाल्यात. त्यात काही गोष्टी आमच्या विरोधातल्या आहेत असं युनियनवाले म्हणतात, त्यावर मी वेगळं बोलेन. पण दोन गोष्टी त्यात स्पष्ट आहेत, एकसारख्या कामाला बाई-बाप्या म्हणून वेगळा पगार देता येणार नाही, ही 1976 च्या समान वेतनाच्या कायद्यातलीच गोष्ट आहे, आणि प्रत्येक कामगाराला नियुक्तीपत्र द्यायचं. बायांना रात्री कामावर ठेवायची मुभा पण तुम्हाला त्याच संहितांनी दिलीय, आमची संमती आणि सुरक्षेची सोय केली तर. ती मुभा तुम्ही लगेच घ्याल हे मला माहीत आहे. मग नियुक्तीपत्र पण लगेच द्या.

आणि त्या पत्रावर माझ्या कामाचं खरं नाव लिहा. कॉलर लावणारीला टेलर लिहा, ओव्हरलॉक चालवणारीला ऑपरेटर लिहा, चेकिंग करणारीला चेकर लिहा, आणि जी खरंच हेल्पर आहे तिला हेल्पर लिहून तिचं किमान वेतन पुरं द्या. कुणाचं काम काय हे ठरवायला अवघड वाटत असेल तर एक दिवस फ्लोअरवर येऊन बसा, कॉलरीचं बंडल मला द्या आणि त्या पोराला द्या, दोन तासांनी दोन्ही उलटून बघा. जुनी वर्षं पण मोजा, बाळंतपणाला गेलेली बाई परत आली की तिचं जुनंच कार्ड पुढं चालू ठेवा. किल्ली दाराला लावा. बोर्डवरच्या समितीत ज्यांची नावं आहेत त्यांना एका खोलीत बोलवून कायदा वाचून दाखवा, माझं नाव ठेवायचं असेल तर ठेवा, आता मला विचारून ठेवा, मी हो म्हणेन.

एप्रिलला नवीन रजिस्टर सुरू होतं आपल्याकडे. क्लार्क जुन्या रजिस्टरवरून नावं उतरवून काढतो, नावापुढचा शब्द पण तसाच उतरवतो. त्याच्या आधी हे पत्र तुमच्यापर्यंत पोहोचावं म्हणून घाईने लिहिलं, चुका असतील त्या मुलीने काही दुरुस्त केल्यात.

उद्या साडेनऊला मी येतेच आहे. माझी विनंती आहे की त्या पाचव्या महिन्याच्या पोरीला आधी ईएसआयमधे घ्या, पगारी रजेसाठीची तिची 80 दिवसांची हजेरी तर कधीच भरलीय, आणि तिच्या लाइनला बंडल उचलायला दुसरं कुणीतरी द्या.

तुमची,
खिडकीकडच्या लाइनमधली, सात नंबर मशीनवरची टेलर
सोलापूर